पॉलिशच्या आधीचा गुळगुळीतपणा

कातीव लाकडी वाडगा हातात आला की बहुतेक माणसं आधी आतून अंगठा फिरवतात आणि मग विचारतात, "पॉलिश कुठलं लावलंय?" प्रश्न साहजिक आहे. आपण रोज बघतो त्या फर्निचरची चकाकी डब्यातून आलेली असते, पीयू नाहीतर मेलामाइन. पण चांगला वाडगा पॉलिश लागायच्या आधीच गुळगुळीत झालेला असतो. एवढं एका वाक्यात सांगून समोरच्याचं समाधान होत नाही आणि माझंही होत नाही. लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, उभी राहायला लागल्यापासून माझा सगळ्यात जास्त वेळ आणि जीव या एकाच गोष्टीत गेला आहे, तेव्हा एकदा सविस्तर सांगते.

लाकूड म्हणजे झाडाने मुळांपासून शेंड्यापर्यंत पाणी चढवायला केलेल्या बारीक नळ्यांची मोळी. लाटणं किंवा पलंगाचा पाय कातताना ही मोळी लेथवर आडवी असते, धागे लेथच्या लांबीबरोबर धावतात आणि हत्यार सगळीकडे त्यांच्या कडेकडेनेच चालतं. वाडग्याचं तसं नसतं. ओंडका उभा चिरून, मधला गाभा काढून टाकून (गाभा ठेवला तर वाडगा तिथून फुटणारच) अर्ध्या फाळक्यातून वाडगा निघतो. त्यामुळे धागे वाडग्याच्या एका काठाकडून समोरच्या काठाकडे आडवे जातात. लेथ एकदा फिरला की हत्याराला दोनदा धाग्याची कड भेटते आणि दोनदा धाग्यांची कापलेली टोकं. मिनिटाला आठशे फेरे धरले तर सोळाशे वेळा हत्यार टोकांवर येतं. टोकांकडे जाताना धागा पातीसमोर उलटा उभा राहतो, आणि धार कमी असेल किंवा हात चुकीच्या दिशेने चालला असेल तर तो कापला न जाता मुळापासून उपटला जातो. वाडगा थांबवून बघितलं तर आत समोरासमोर दोन पट्टे दिसतात, खरखरीत, थोडे काळपट. बाकीचा वाडगा आरशासारखा असला तरी हे दोन पट्टे सगळं बिघडवतात.

त्यामुळे दिशा महत्त्वाची. बाहेरून कातताना तळाकडून काठाकडे जायचं, म्हणजे लहान घेराकडून मोठ्या घेराकडे. आतून कातताना उलट, काठाकडून तळाच्या मध्याकडे. असं केलं की कापल्या जाणाऱ्या प्रत्येक धाग्याला खालच्या धाग्यांचा आधार राहतो. धागा मागे सरकू शकत नाही, म्हणून तुटत नाही, कापला जातो. शिकवताना हा नियम पाठ करायला सांगतात. मला वाटतं तो पाठ करण्यापेक्षा एक लाकूड उभं चिरून, त्याच्या धाग्यांची उतरंड बोटाने चाचपून बघावी. एकदा ती कळली की दिशा विसरता येत नाही.

दुसरी गोष्ट धार. हल्लीची हत्यारं हाय स्पीड स्टीलची असतात आणि धार बरीच टिकते, पण लाकडालाही स्वभाव असतो. सागवानात वाळूचा अंश, म्हणजे सिलिका असते. हातात मऊ लागणारं सागवान पात बघता बघता बोथट करतं. आंब्याचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात, एका थरात डावीकडे कललेले तर दुसऱ्यात उजवीकडे. त्यामुळे आंब्यात कुठूनही कातलं तरी कुठल्या ना कुठल्या थरात आपण उलटेच असतो. फणस त्या मानाने सालस. शिवणीचं लाकूड फिकट, हलकं, वाळल्यावर फारसं वाकडं न होणारं, मला फार आवडणारं. कोणतंही असलं तरी हत्याराचा शेवटचा फेरा घ्यायच्या आधी मी लेथ बंद करते, गाउज (वाडगा कातायचं खोलगट पातीचं हत्यार) ग्राइंडरवर नेते, धार लावते आणि मगच परत येते. आधीची धार चांगली असली तरीही. धार गेल्याचं कानाला आधी कळतं. तल्लख पात चालत असताना सलग, बारीक सळसळ येते आणि लाकडाच्या लांब फिती खांद्यावरून मागे उडतात. धार उतरली की त्या सळसळीत ठोका येतो, फिती तुटायला लागतात आणि थोड्या वेळाने नुसता भुसा पडतो. भुसा पडायला लागला म्हणजे हत्यार कापायचं सोडून खरवडतंय.

शेवटच्या फेऱ्यात पातीच्या मागचा उतार लाकडावर टेकलेला असावा लागतो. तो टेकला की हत्यार डगमगत नाही आणि पात नेमकी ठरवलेल्या खोलीवर चालते. इथे जोर लावायचाच नाही. हत्याराची मूठ कमरेला टेकवून, पाय रोवून, सगळ्या अंगाने हळूहळू वळायचं. नुसत्या मनगटाने ओढलेली रेघ कुठेतरी थबकते, आणि थबकली तिथे वळ उठतो. तो वळ डोळ्याला दिसत नाही, तेल लावल्यावर मात्र उन्हात स्पष्ट दिसतो.

पातळ वाडग्याची आणखी एक अडचण आहे. भिंत पातळ झाली की ती थरथरायला लागते आणि त्या थरथरीने पृष्ठभागावर तिरप्या लाटा उमटतात. म्हणून काठाचा एक-दीड इंच आधी पूर्ण करायचा, अगदी अखेरच्या जाडीपर्यंत, मग खालचा पट्टा, मग त्याच्या खालचा. खालचं लाकूड जाड असेपर्यंतच काठाला आधार असतो. तळ कोरून झाल्यावर "काठ अजून जरा बारीक करू" असं मनात आलं तर तो मोह टाळावा. तेवढ्या वेळात काठ लंबगोल झालेला असतो.

एवढं सगळं करूनही आंब्यासारखं लाकूड दोन पट्टे सोडतंच. तेव्हा चपडी, म्हणजे शुद्ध केलेली लाख, उपयोगी पडते. स्पिरिटमध्ये पातळ विरघळवलेली चपडी त्या जागी चोळायची आणि वाळू द्यायची. लवलेले धागे ताठ होतात आणि पातीसमोर उभे राहतात. मग नुकती धार लावलेल्या हत्याराने कागदाइतका पातळ थर काढायचा. किंवा स्क्रेपर, म्हणजे खरवडायचं हत्यार, पंचेचाळीस अंशांत तिरका धरून, अगदी हलक्या हाताने, नुसता स्पर्श करत न्यायचा. बारीक लव निघते आणि पट्टे विझत जातात. या कामाला पाच मिनिटं लागतात. हेच पट्टे पॉलिश पेपरने घालवायला गेलं तर अर्धा तास जातो आणि वाडग्याचा आकारही बिघडतो, कारण पेपर मऊ जागा जास्त खातो, टोकांची कडक जागा कमी. गोल वाडगा हळूच लंबगोलाकडे झुकतो.

हे सगळं मला नीट उमगलं ते सावंतवाडीत. तिथल्या चितार आळीत लाकडी फळं, खेळणी, पाट आणि चौरंग बनवणारी चितारी घराणी आहेत. अठराव्या शतकात तिथले राजे खेम सावंत तिसरे यांच्या काळात दरबाराच्या आश्रयाने गंजिफा (हाताने रंगवलेले गोल पत्ते) आणि लाखकाम तिथे रुजलं. पुढे ते विझत आलं तेव्हा शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कारागीर बसवून ते पुन्हा उभं केलं. लाकडी फळांसाठी पूर्वी पांगारा वापरत, कारण तो हलका आणि रंग छान धरणारा. आज मात्र गिऱ्हाइकाला त्या फळांचा रंगच आधी दिसतो, खालच्या कातकामाकडे फारसं कुणी बघत नाही.

लाखकामात काही लपवता येत नाही. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरायची. घर्षणाने ऊब येते, लाख मऊ होते आणि लाकडाला चिकटते. ऊब फार झाली तर लाख ओघळते, कमी झाली तर ठिपक्याठिपक्यांनी बसते. मग केवड्याचं वाळलेलं पान दुमडून त्यावर दाबायचं. पानाच्या घर्षणाने लाख पुन्हा जरा मऊ होते, सगळीकडे सारखी पसरते आणि एकदम झळाळी येते. कर्नाटकातल्या चन्नपट्टणलाही लाखकाम असंच होतं, तेही केवड्याच्याच पानाने. तिथे काळ्या कुड्याचं लाकूड वापरतात, पांढरं, बारीक आणि इतकं एकसारख्या पोताचं की कातताना कड आणि टोक यांतला फरक जेमतेम जाणवतो. चन्नपट्टणच्या खेळण्यांच्या तकाकीचं श्रेय सगळे रंगाला देतात. माझ्या मते अर्धं श्रेय कुड्याचं.

सावंतवाडीत मी एका कातारी काकांच्या शेजारी बसून बघत होते. एका वाटीवर उपटलेल्या धाग्यांचा छोटासा पट्टा राहिला होता. लाख लावली की तो भरून निघेल असं मला वाटलं, तसं मी म्हटलं. त्यांनी हात न थांबवता सांगितलं, "लाखेन खड्डो बुजना नाय गो, उलट उठून दिसता." आणि त्यांनी लाख लावून दाखवली. लाल रंग त्या बारीक खड्ड्यांत जाड बसला, बाकी पृष्ठभागावर पातळ. पट्टा आधी पुसट होता तो आता गडद लाल झाला. मग त्यांनी ती वाटी पुन्हा लेथच्या चकात (पकडीत) धरली, लाखेसकट तो थर काढून टाकला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

त्याच आळीत जुन्या लेथच्या आठवणी सांगणारी माणसं भेटतात. एक जण दोरी ओढायचा, दुसरा कातायचा. लाकूड एकदा पुढे, एकदा मागे फिरायचं आणि हत्यार फक्त पुढच्या फेऱ्यात चालायचं. वेळ दुप्पट लागायचा. पण घासताना त्याचा एक फायदा होता. मोटरच्या लेथवर लाकूड एकाच दिशेने फिरतं, त्यामुळे घासताना धागे एकाच बाजूला झोपतात, उठत नाहीत आणि कापलेही जात नाहीत. पुढे-मागे फिरणाऱ्या लेथवर ते दोन्ही बाजूंनी घासले जातात. आजच्या चांगल्या लेथला उलट फिरवायचं बटण देतात ते याच कारणाने. मी प्रत्येक नंबरचा पेपर अर्धा सुलट आणि अर्धा उलट फिरवून वापरते, आणि दर वेळी मला वाटतं की हे दोरीवाल्याला बटणाशिवायच मिळत होतं.

असाच पुढे-मागे फिरणारा, पायाने दाबायचा लेथ इंग्लंडमध्येही होता. बर्कशायरमधल्या बकलबरी कॉमनवर जॉर्ज लेली नावाचा कातारी एल्म झाडाच्या एकाच ठोकळ्यातून एकात एक बसणारे वाडगे काढत असे. १९५८ मध्ये तो वारला. त्याची आकडीसारखी हत्यारं रीडिंगच्या म्युझियम ऑफ इंग्लिश रूरल लाइफमध्ये आहेत. आज पायाचा लेथ चालवणारे बरेच जण वाडगा घासतच नाहीत, हत्याराने जसा सोडला तसाच ठेवतात. अशा वाडग्यावर हत्याराच्या बारीक रेघा बोटाला लागतात, पण त्या टोचत नाहीत, कारण प्रत्येक धागा स्वच्छ कापलेला असतो. हे कळल्यावर गुळगुळीतपणाबद्दलचं माझं मत बदललं. सपाट पण उपटलेल्या पृष्ठभागापेक्षा रेघा असलेला कापीव पृष्ठभाग हाताला जास्त चांगला लागतो, आणि मला तोच आवडतो.

तरीही मी घासते, कारण माझे वाडगे स्वयंपाकघरात जातात, धुतले जातात, आणि बारीक खाचांत अन्न अडकू नये. पॉलिश पेपरचा हिशोब साधा आहे. ८० नंबरच्या पेपरचा कण साधारण २०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), १२० चा १२५, १८० चा ८०च्या आसपास, २४० चा ६० च्या आत, ४०० चा ३५. प्रत्येक पेपर आपल्या कणाएवढा ओरखडा सोडतो आणि पुढच्या पेपरचं काम फक्त तो ओरखडा पुसायचं असतं. ८० वरून थेट २४० वर उडी मारली तर २४० ला आपल्यापेक्षा तिपटीने मोठा ओरखडा पुसावा लागतो. तो पुसत नाही, त्याच्या कडा गोल करतो. वाळलेल्या लाकडावर हे दिसत नाही, तेल लावताच गोल गोल वळ्या उठतात. म्हणून पायरी सोडायची नाही. हत्याराचं काम नीट झालं असेल तर मात्र ८० ची गरजच पडत नाही, सरळ १८० पासून सुरुवात करता येते. तासभर घासायचं काम पंधरा मिनिटांवर येतं.

प्रत्येक नंबर झाला की लेथ बंद करून मी त्याच पेपरने धाग्यांच्या दिशेने हाताने दोन-चार हात मारते. मागच्या नंबरच्या गोल रेघा असतील तर त्या सरळ रेघांत उठून दिसतात. टॉर्च अगदी तिरका, पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून धरते. घासताना लेथ संथ हवा, तीन-चारशे फेरे पुरे. वेग वाढवून काम लवकर होत नाही, फक्त लाकूड तापतं, आणि तापलेल्या टोकांवर केसासारख्या बारीक चिरा पडतात. त्या कुठल्याही पेपरने जात नाहीत. पेपरमागे बोट भाजायला लागलं तर लाकूडही भाजतंय हे लक्षात घ्यावं.

शेवटचा निर्णय बोटाचा. स्टॉकहोमच्या केटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की माणसाचं बोट जेमतेम १३ नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग) उंचीच्या सुरकुत्याही ओळखू शकतं. म्हणजे ४०० नंबरच्या कणाच्या हजारपटींहून बारीक गोष्ट. यात बोट फिरवणं आवश्यक असतं. नुसतं टेकवलं तर फारसं कळत नाही. कारागीर वाडगा हातात घेऊन डोळे मिटून अंगठा फिरवतात त्यामागे हे आहे. अर्थात लेथ पूर्ण थांबल्यावर. फिरत्या काठाला बोट लावायचं नाही, पातळ काठ सुरीसारखा कापतो.

मग पाणी. कोकणात पावसाळ्यात हे आपोआप घडतं: एप्रिलमध्ये रेशमासारखा झालेला वाडगा जुलैत खरखरीत लागतो. हवेतलं पाणी पिऊन घासताना दबलेले धागे फुगून उभे राहतात. हे नंतर व्हायचंच असेल तर आपणच आधी करावं. २४० नंतर ओल्या फडक्याने वाडगा पुसायचा, वाळू द्यायचा, उभे राहिलेले धागे ३२० ने हलकेच कापायचे. पुन्हा पुसायचं, पुन्हा वाळवायचं, मग ४००. दुसऱ्यांदा फार कमी धागे उठतात.

ओल्या ओंडक्यातून कातलेला वाडगा मात्र आधी नीट वाळलेला हवा. रुंदीच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढी भिंत ठेवून तो कच्चा कातायचा, धाग्यांच्या टोकांना मेण लावायचं आणि काही महिने सावलीत ठेवायचा. वाळताना लाकूड वर्तुळाच्या दिशेने जास्त आक्रसतं, गाभ्याच्या दिशेने कमी, जवळजवळ दुप्पट-अर्धा फरक. गोल वाडगा लंबगोल होतो. जाड भिंतीतून मग पुन्हा गोल काढता येतो. कोकणातला कच्चा वाडगा थेट पुण्याच्या एप्रिलमध्ये आणला तर तडकायची भीती असते, म्हणून मी तो गोणपाटात गुंडाळून हळूहळू उघडते.

आता ते पॉलिश, ज्याबद्दल सगळे विचारतात. जेवणाच्या वाडग्याला मी जवसाचं तेल लावते, घाण्याचं, साधं. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, धाग्यांत जिरून तिथेच कडक बसतं. खोबरेल किंवा शेंगतेल तसं वाळत नाही. शेंगतेलाचा तर काही महिन्यांत खवट वास येतो. जवस वाळायला वेळ घेतं, तेलाच्या दोन हातांमध्ये काही दिवस जाऊ द्यावे लागतात, आणि जास्तीचं तेल पुसून काढलं नाही तर चिकट थर बसतो. तेल पुसलेली फडकी बोळा करून टाकू नयेत. वाळताना ती तापतात आणि पेट घेऊ शकतात. मी ती दोरीवर पसरते. हार्डवेअरच्या दुकानातलं बॉइल्ड लिनसीड मी जेवणाच्या भांड्याला वापरत नाही, त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात. वर मधमाश्यांचं मेण हवं तर लावावं, हाताला छान लागतं, टिकत मात्र नाही. चपडी झळकते, पण गरम आमटी ओतली की पांढुरकी होते. ती फळांच्या वाडग्याला ठीक.

धुळीबद्दल बोलल्याशिवाय मला हा विषय सोडवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ कर्करोगाला निश्चित कारणीभूत असणाऱ्या गोष्टींच्या गटात घातली आहे. लाकडाच्या फिती जमिनीवर पडतात, त्या श्वासात जात नाहीत. पेपरची बारीक धूळ तरंगत राहते आणि थेट छातीत जाते. शिसमाच्या धुळीने तर काहींच्या अंगावर पुरळ उठतं. कमी उजेडाच्या, बंद खोलीत बसून दिवसभर घासणारी माणसं मी बघितली आहेत, तोंडाला रुमाल बांधून. रुमालाने ती धूळ अडत नाही. चांगला मास्क, पंखा बाहेरच्या दिशेने आणि नीट धारेचं हत्यार, एवढं प्रत्येक कार्यशाळेत असायला हवं असं मला मनापासून वाटतं. घासण्याचं काम बऱ्याचदा घरातल्या बायका करतात आणि वस्तूच्या किमतीत ते काम मोजलंही जात नाही.

वाडगा विकत घेणाऱ्यांसाठी थोडं. दुकानात तो उजेडाकडे तिरका धरा आणि आतून अंगठा पूर्ण गोल फिरवा. मग तळ उलटा करून बघा, कारण घाईत काम केलेलं तळाला दिसतं. घरी आणल्यावर गरम पाण्यात भिजवू नका, साबणाच्या पाण्याने पटकन धुऊन लगेच पुसा. पहिल्या काही धुण्यांनंतर खरखर वाटली तर ४०० नंबरचा पेपर धाग्याच्या दिशेने हलकेच फिरवून जवसाचं तेल चोळा आणि दहा मिनिटांनी जास्तीचं पुसून टाका. तळ निस्तेज झाला असेल तर त्यालाही तेल द्या. तिथल्या टोकांना ते जास्त लागतं, दोन-तीनदा द्यावं लागेल.